विश्लेषण : आजोबांची दुनळी, अर्ध्या इंचाची पिन आणि सात वर्षांची कैद! वारशाच्या बंदुकीचे सुटे भाग का मिळत नाहीत?

कोकणातली वाडी असो वा देशावरचा जुना वाडा, दसऱ्याच्या शस्त्रपूजनाला पाटावर मांडली जाणारी बारा बोअरची दुनळी अनेक घरांत आजही आहे. परवाना आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलांकडे येतो, बंदूक मात्र तीच राहते. इंग्लंड किंवा बेल्जियममध्ये ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी घडलेली. मग एक दिवस चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो, बार उडत नाही. बिघाड बहुतेकदा किरकोळ असतो. फायरिंग पिनचे टोक तुटलेले असते किंवा कमान दमलेली असते. पण तो भाग दुकानात मिळत नाही, परदेशातून मागवता येत नाही आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतला तर तो गंभीर गुन्हा ठरतो. एवढ्याशा लोखंडासाठी एवढा पेच का, याचा हा आढावा.

दुकानात ‘सेम’ भाग का मिळत नाही?

मोटारसायकलचा क्लच प्लेट बदलावा तसा जुन्या दुनळीचा भाग बदलता येत नाही, याचे पहिले कारण कायदा नव्हे, तर ती बंदूक घडवण्याची पद्धत आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम आणि लंडन, तसेच बेल्जियममधील लीज ही शॉटगन घडवणारी जुनी गावे. तिथे एकेका बंदुकीवर अनेक कारागीर काम करत. नळ्या एकाच्या, ॲक्शन दुसऱ्याची, लाकडी दस्ता तिसऱ्याचा. भाग मापाने तयार होत, पण शेवटी कानशीने घासून एकमेकांत बसवले जात. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन बंदुकांची पिन किंवा कमान अदलाबदल करून बसेलच याची खात्री नसते. अनेक बंदुकांच्या आतल्या भागांवरही बंदुकीचाच क्रमांक कोरलेला दिसतो, तो याचसाठी. हा भाग या बंदुकीचा आणि हिचाच.

रचना मात्र बऱ्याच बंदुकांची सारखी असते. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये घोडे आत दडवलेल्या ॲक्शनचे पेटंट घेतले आणि पुढे जगभरच्या शेकडो कारखान्यांनी ती रचना उचलली. भारतात आढळणाऱ्या बिनघोड्याच्या दुनळ्यांपैकी बऱ्याच याच कुळातल्या. म्हणजे कारागिराला आत काय असणार हे माहीत असते, मापे मात्र प्रत्येक वेळी नव्याने घ्यावी लागतात.

दुसरा घोळ नावाचा. नळीवर कोरलेले नाव बनवणाऱ्याचे असतेच असे नाही. ब्रिटिश काळात कोलकात्याच्या मँटन, रॉडा यांसारख्या पेढ्या बर्मिंगहॅमहून बंदुका मागवून त्यांवर आपले नाव घालून विकत. (रॉडा म्हणजे तीच पेढी, जिच्या मालातून ऑगस्ट १९१४ मध्ये बंगाली क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली.) त्यामुळे ‘मँटनचा भाग’ शोधत बसण्यात अर्थ नसतो. खरा पत्ता नळ्या उघडल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर सापडतो. तिथे चाचणीगृहाचे शिक्के असतात. लंडन आणि बर्मिंगहॅमचे मुकुट असलेले, लीजचे लंबगोलात ‘ईएलजी’ अशी अक्षरे असलेले. वेस्टली रिचर्ड्स, पर्डी, हॉलंड अँड हॉलंड अशा काही ब्रिटिश कंपन्यांकडे जुन्या क्रमांकांच्या नोंदवह्या अजून आहेत. क्रमांक कळवला आणि शुल्क भरले तर ती बंदूक कधी आणि कशी घडली याची माहिती मिळू शकते. माहिती पत्राने येते, भाग नाही.

लेथवर पिन करून घेतली तर?

यांत्रिकदृष्ट्या पाहिले तर फायरिंग पिन म्हणजे टोकाला गोल केलेला पोलादाचा छोटा तुकडा. एमआयडीसीतल्या कोणत्याही बऱ्या वर्कशॉपला तो जड नाही. नेमक्या याच वळणावर अनेक जण फसतात.

शस्त्र कायदा, १९५९ मधील कलम २ पाहिले की कारण कळते. ‘शस्त्र’ आणि ‘अग्निशस्त्र’ या दोन्ही व्याख्यांमध्ये त्यांचे ‘भाग’ समाविष्ट आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत नुसती नळीही शस्त्र आणि नुसती ॲक्शनही शस्त्र. कलम ५ सांगते, की परवान्याशिवाय कोणीही शस्त्र तयार करू शकत नाही, विकू शकत नाही आणि दुरुस्तही करू शकत नाही. ‘दुरुस्ती’ हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. इथे लागणारा परवाना बंदूक बाळगण्याचा नव्हे. बंदूक बाळगण्याचा परवाना असलेल्या माणसाला ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र परवाना असतो आणि तो शस्त्र विक्रेते, उत्पादक किंवा दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांकडे असतो.

शिक्षाही लहान नाही. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीनंतर कलम ५ चे उल्लंघन करून शस्त्र तयार किंवा दुरुस्त करणाऱ्याला कलम २५ नुसार किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कलम गावठी कट्टे बनवणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून कडक झाले, यात शंका नाही. पण लेथवर पिन कातणारा फिटर आणि कट्ट्याचा कारखाना चालवणारा यांच्यात कलमाची भाषा फरक करत नाही. तो फरक करायचा तर तो न्यायालयात, म्हणजे गुन्हा दाखल झाल्यानंतर. थ्रीडी प्रिंटर किंवा सीएनसी वापरला तरी कलम तेच राहते.

यात एक पळवाट आहे असे अनेकदा सांगितले जाते. कलम ४५ नुसार शस्त्रांचे ‘किरकोळ भाग’ बाळगण्याला हा कायदा लागू नाही. पण वाक्य तिथे संपत नाही. ते भाग इतर पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल, तरच ही सूट मिळते. जुन्या बाजारात सापडलेला घोडा पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवणाऱ्याला ती लागू होईल. घरच्या दुनळीत बसवण्यासाठी पिन घेणाऱ्याचा हेतू नेमका उलटा असतो. शिवाय ‘किरकोळ’ म्हणजे काय, याची यादी ते कलम देत नाही. स्क्रू किरकोळ म्हणावा, नळी नक्कीच नाही. मधल्या कमानी, पिना, एजेक्टर यांचे काय, हे मोघमच राहते. कायद्यातली ही खरी उणीव आहे, कारण प्रामाणिक परवानाधारकाला लागणारे जवळपास सगळे भाग याच मधल्या पट्ट्यात येतात.

साफसफाई आणि तेलपाणी मालकाने करायला हरकत नाही. नळीतून ब्रश फिरवणे, तेलाचा हलका हात देणे ही दुरुस्ती नव्हे.

परदेशातून मागवता येईल का?

ब्रिटन-अमेरिकेत जुन्या शॉटगनचे भाग विकणारी दुकाने आहेत आणि त्यांची चित्रे मोबाइलवर सहज दिसतात. ‘ॲड टू कार्ट’ही करता येते. पण शस्त्र आणि त्याचे भाग देशात आणण्यासाठी कलम १० नुसार परवाना लागतो आणि आयात धोरणानुसार या वस्तू निर्बंधित आहेत. १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद आहे. नामवंत नेमबाज, रायफल क्लब अशा मोजक्यांनाच मुभा मिळते. दुसरीकडे अमेरिकेतून शॉटगनचे भाग बाहेर पाठवायलाही तिथले निर्यात नियंत्रण लागू होते. पार्सलवर ‘यंत्राचे भाग’ असे लिहून ते मागवण्याचा सल्ला देणारे भेटतात. कस्टम्सने ते उघडले तर शस्त्र कायदा आणि सीमाशुल्क कायदा असे दोन्ही फास गळ्यात पडतात. परवान्याविना शस्त्र देशात आणणे हाही कैदेचा गुन्हा आहे.

मग बंदूकच परदेशी कंपनीकडे दुरुस्तीला पाठवली तर? त्यासाठीही कलम १० चा परवाना हवा. आणि बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक कायदा आडवा येऊ शकतो. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांपेक्षा जुना कारागिरीचा ऐतिहासिक नमुना ‘पुरावशेष’ ठरू शकतो आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९२० च्या आधी घडलेली नक्षीदार दुनळी या व्याख्येत बसते की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी तपासून घ्यावे लागते.

बंदूक आधी नावावर हवी, हे खरे का?

हो, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. परवानाधारकाचे निधन झाले की परवाना बंदुकीसोबत आपोआप वारसाकडे जात नाही. घरात ठेवलेली ती बंदूक वारसाच्या दृष्टीने विनापरवाना ठरू शकते आणि कलम ३ च्या उल्लंघनाची शिक्षा २०१९ नंतर दोन ते पाच वर्षे अशी झाली आहे. म्हणून कलम २१ नुसार बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा, असा क्रम आहे. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे जातो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे लागतात. भाऊबंदकी असलेल्या घरांत हा कागद पिनेपेक्षा दुर्मीळ असतो.

शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ ने एक सोय केली आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असेल, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर तो हयातीतच वारसाच्या नावे परवाना मिळावा म्हणून अर्ज करू शकतो. मुलगीही वारस होऊ शकते. वडील हयात असताना हे झाले, तर बंदूक ठाण्यात अडकून पडण्याची वेळ येत नाही.

मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. पूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. १४ डिसेंबर २०१९ पासून ही संख्या दोनवर आली आणि वारशाने आलेली बंदूकही त्यात मोजली जाते. त्यामुळे तशाच बनावटीची दुसरी मोडकी दुनळी घेऊन तिचे भाग काढावेत, हा परदेशातील संग्राहकांचा नेहमीचा उपाय इथे महागात पडतो. ती मोडकी बंदूकही एक पूर्ण बंदूकच. तिलाही परवाना लागतो आणि तीही दोनांत धरली जाते.

पिन बदलली की बंदूक ठीक झाली का?

इथे क्षणभर कायदा बाजूला ठेवून धातूकडे पाहावे लागते. कारण सुट्या भागाच्या शोधात सर्वांत मोठा धोका नजरेआड होतो. जी बंदूक ‘बंद’ आहे म्हणून सुरक्षित होती, ती ‘चालू’ झाल्यावर फुटू शकते.

पहिला प्रश्न नळीचा. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी किंवा गोगलगायीच्या शंखासारखी वळणदार नक्षी दिसत असेल, तर ती बहुधा दमास्कस पद्धतीची आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकमेकांना जोडून तयार केलेली. या नळ्या बहुतांशी काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या काडतुसातील धूरविरहित दारूचा दाब त्यातल्या अनेकींना सोसणारा नाही. त्यात पट्ट्यांच्या सांध्यात आतून गंज शिरला असेल तर तो बाहेरून दिसतही नाही. चाचणीचे शिक्के वाचता येणाऱ्याकडून बंदूक कोणत्या दारूसाठी तपासली गेली होती, हे पाहून घेतल्याशिवाय अशा नळीत काडतूस घालणे म्हणजे हाताची बोटे पणाला लावणे.

दुसरा प्रश्न चेंबरच्या लांबीचा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अनेक ब्रिटिश बारा बोअरचे चेंबर अडीच इंचांचे, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे असते. हल्लीची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची. गंमत, खरे तर घातक गंमत, अशी की न उडालेले ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते. कारण त्याचे तोंड आत दुमडलेले असते आणि ७० हा आकडा उडाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची लांबी सांगतो. बार उडताना ते तोंड उघडायला जागा शोधते, ती चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात सापडते आणि तिथे दाब वाढतो. जुन्या नळीला हा वाढीव दाब नको असतो. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होणारी ‘शक्तिमान’ काडतुसे असोत वा इतर कोणती, खोक्यावरचा मिलिमीटरचा आकडा आणि नळीखालचा आकडा जुळतो का, एवढे पाहायला एक मिनिट लागते. ‘बारा बोअर म्हणजे बारा बोअर’ हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. बोअर म्हणजे नळीचा व्यास, एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. चेंबरच्या लांबीबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

तिसरा प्रश्न नळ्या आणि ॲक्शन यांच्यातील सांध्याचा. वर्षानुवर्षांच्या वापराने बिजागिरी झिजते आणि बंद केल्यावरही नळ्यांच्या मागे केसभर फट राहते. या फटीमुळे कॅपवर नीट ठोका बसत नाही आणि बार उडत नाही. मालकाला वाटते पिन आखूड झाली. पिन लांब केली की ती कॅप फोडते आणि तापलेला वायू मागे नेमबाजाच्या डोळ्याकडे येतो. दोष एका जागी आणि औषध दुसऱ्या जागी, असा हा प्रकार.

कमानीचे दुखणे वेगळे. जुन्या दुनळीतील मुख्य कमान बहुधा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी चपटी असते. ती कातता येत नाही, घडवावी लागते. पोलाद तापवून, वाकवून, तेलात पाणी द्यायचे आणि मग पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढायचा. पोलाद निळसर झाले की थांबायचे, हा त्या पिढीतल्या कारागिरांचा थर्मामीटर. निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला दिसतो, म्हणजे नजरेचा हा अंदाज पुस्तकाच्या जवळ जाणारा. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर फारसे बिघडत नाही, पन्नास झाले तर कमान एकतर तुटते किंवा लोळागोळा होते. हे हात आता थोडे उरले आहेत. सुटा भाग म्हणजे वस्तू नसून असा एखादा माणूस, हे या सगळ्या शोधातले वास्तव आहे.

पिना तुटण्याचे एक कारण मात्र घरचेच असते. दसऱ्याला बंदूक बाहेर काढली की रिकामीच बंद करून चाप ओढून पाहायची सवय. समोर कॅपचा आधार नसताना पिन पुढे आपटते आणि जुने, कडक पोलाद कधीतरी तुटतेच.

कारागीर आहेत तरी कुठे?

अधिकृत रस्ता शस्त्र विक्रेत्यांच्या दुकानातून जातो. ज्यांच्याकडे दुरुस्तीचाही परवाना आहे असे विक्रेते मोठ्या शहरांत आहेत. काम त्यांच्या नोंदवहीत लिहिले जाते, पावती मिळते. बारा बोअर घडवण्याची परंपरा देशात इतरत्रही आहे. बिहारमधील मुंगेर हे त्यातले सर्वांत जुने नाव. १७६० च्या दशकात बंगालचा नवाब मीर कासिम याने राजधानी तिथे हलवली आणि शस्त्रशाळा उभारली. आजही तिथे परवानाधारक बंदूक कारखाने आहेत. जम्मू आणि काश्मीरमध्येही खासगी कारखाने आहेत आणि तिथल्या अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते प्रसिद्ध आहेत. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातही बारा बोअर बनते, पण तिचे भाग इंग्रजी दुनळीत बसत नाहीत. मुंगेरचे नाव अवैध शस्त्रांसाठीही तितकेच गाजलेले आहे, त्यामुळे तिथून ‘ओळखीने’ भाग मागवणे आणि परवानाधारक कारखान्याकडून पावतीसह काम करून घेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

अडचण प्रवासाची. प्रत्येक परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे हे लिहिलेले असते. परवाना जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता असेल तर परराज्यातील कारागिराकडे बंदूक घेऊन जाण्याआधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. कुरिअरने पाठवण्याचा विचारही करू नये.

दुरुस्तीला देताना दोन गोष्टी लेखी सांगून ठेवाव्यात. एक, नळ्या पुन्हा काळ्या करताना क्रमांक आणि शिक्के घासले जाता कामा नयेत. ओळखचिन्ह पुसणे हा कलम ८ चा भंग आहे आणि ते पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्याला जबाब द्यावा लागतो. दोन, गंजलेले टोक कापून नळी ‘स्वच्छ’ करू नये. नळी आखूड करणे हा कलम ६ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. क्रमांक असलेला भाग बदलावा लागला, तर परवान्यावरील नोंदही बदलून घ्यावी लागते.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका जमा करण्याच्या नोटिसा येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरसकट जमा करण्याऐवजी छाननी समितीने प्रकरणागणिक निर्णय घ्यावा अशी पद्धत आहे. ज्यांच्या बंदुका जमा होतात त्या काही आठवडे ठाण्याच्या खोलीत राहतात. पावसाळी, दमट हवेत तेलाविना ठेवलेल्या जुन्या पोलादाला गंज धरायला एवढा काळ पुरतो. जमा करण्याआधी नळीला आतून-बाहेरून तेल लावणे आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घेणे, हे दोन उपाय मालकाच्या हातात आहेत.

ज्याच्या शेतात डुकरे शिरतात त्याचे काय?

शहरातल्या घराला दुनळी ही आठवण असते. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत ती अनेकदा शेतीचे अवजार असते. वानर, माकडे, रानडुकरे, गवे यांनी भात आणि बागायत उद्ध्वस्त केलेल्या गावांत पीक संरक्षणासाठी परवाने दिले जातात. यात ठासणीच्या बंदुकाही मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यांची रचना सोपी, दुरुस्तीही त्यामानाने सोपी, पण कायदा तोच. पूर्वी गावचा लोहार करून देई ते काम आता परवान्याविना करणे त्याच्यासाठीही सात वर्षांचे ठरू शकते. लोहाराला हे ठाऊक नसते, शेतकऱ्यालाही नसते. तालुक्याला दुरुस्तीचा परवाना असलेले कोणी नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर दिवस मोडतो आणि सुगी थांबत नाही. पीक संरक्षणासाठी परवाना देणाऱ्या प्रशासनाने ती बंदूक कायदेशीरपणे दुरुस्त कुठे करायची याची सोय केली नाही, तर परवाना अर्धवटच राहतो. जिल्हाधिकारी कार्यालयाने परवाना नूतनीकरणाच्या दिवसांत परवानाधारक कारागिराला बोलावून तपासणी शिबिर घेतले, तर यासाठी कायदा बदलावा लागणार नाही.

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही इथे सांगायला हवे. पिकाचे नुकसान करणाऱ्या वन्यप्राण्याला मारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन विभागाची वेगळी परवानगी लागते. आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणे हा २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाखापर्यंत दंडाचा, किंवा दोन्हींचा, स्वतंत्र गुन्हा आहे.

दुरुस्ती करायचीच नसेल तर?

‘मोडलीच आहे, राहू दे भिंतीवर’ हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत धोकादायक निर्णय. मोडकी बंदूक बंदूक राहत नाही, हा समज कायद्याला मान्य नाही. कलम ४५ नुसार जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येणारच नसेल तर. ‘दुरुस्तीसह’ या शब्दात सगळा अर्थ आहे. पिन तुटलेली दुनळी पिन घातली की चालते, म्हणून ती सूट तिला नाही. नळी आरपार गंजून चाळणी झालेली असेल तर ती मिळू शकते, पण ते मालकाने ठरवायचे नसते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे लागते.

बंदूक नको असेल तर ती विक्रेत्याकडे जमा करून, परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला रीतसर विकता येते. पूर्वसूचना देण्याची प्रक्रिया मात्र पाळावी लागते. जमा केलेल्या बंदुकीबाबत ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. ठाण्यात जमा केली असेल तर पावती जपून ठेवावी. त्या पावतीवर बनावट, क्रमांक, नळ्यांची लांबी आणि मोडलेला भाग कोणता, हे चारही लिहिलेले असेल, तर पुढे कारागिराला बंदूक न दाखवताही निम्मे काम सांगता येते.